कॉलेजच्या आवारातील चकतीचा गोल्फ

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात नव्याने दाखल झालेला विद्यार्थी आवाराची पाहणी करीत हिंडू लागला, की ग्रंथालय, प्रयोगशाळा, भोजनगृह ही ठिकाणे त्याला सहज ओळखू येतात. परंतु वाहनतळामागच्या उतारावर, झाडीच्या कडेला, एक चमत्कारिक वस्तू उभी असते आणि तिचे प्रयोजन काही त्याच्या ध्यानात येत नाही. जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावर एक कडे, कड्यातून झुंबराप्रमाणे खाली सोडलेल्या साखळ्या आणि त्यांच्या खाली गजांची एक उथळ टोपली. इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथून उच्च शिक्षणासाठी गेलेल्या तरुणाने तिला केराची टोपली समजावे यात नवल नाही. कित्येक टोपल्यांत कागदी पेले आणि केळ्याच्या साली पडलेल्या आढळतातही. वस्तुतः तो गोल्फमधील 'होल' होय. फरक इतकाच, की येथे चेंडू नाही, काठी नाही आणि जमिनीत खळगाही नाही. प्लॅस्टिकची चकती हाताने फेकावयाची आणि ती त्या साखळ्यांत अडकवून टोपलीत पाडावयाची, असा हा 'डिस्क गोल्फ' नावाचा खेळ आहे.

खेळाची रीत गोल्फचीच. ठरलेल्या चौथऱ्यावरून, ज्याला खेळाडू 'टी' म्हणतात, पहिली फेक करावयाची; चकती जेथे पडेल तेथून दुसरी; आणि ती टोपलीत किंवा साखळ्यांत स्थिरावली की तो होल पुरा झाला. माथ्यावरच्या कड्यावर जाऊन बसलेली चकती मात्र जमेस धरीत नाहीत. असे नऊ किंवा अठरा होल जो सर्वांत कमी फेकींत पुरे करील तो जिंकला. होलची लांबी बहुधा साठ ते सव्वाशे मीटर असते. चकतीचा व्यास २१ सेंटिमीटरांहून कमी नसावा आणि तिचे वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरामागे ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा नियम आहे. म्हणजे लहानात लहान चकतीचे वजन १७४ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. झेलाझेलीच्या 'अल्टिमेट' या खेळातील चकतीही १७५ ग्रॅमचीच, परंतु ती चांगली २७ सेंटिमीटर रुंद आणि बोथट कडेची असते. गोल्फची चकती झेलण्यासाठी केलेली नाही. तिची कडा निमुळती असते आणि तेवढेच वजन लहान आकारात कोंबलेले असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

चकती भिरकावण्याची हौस जुनी आहे. कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे विल्यम रसेल फ्रिस्बी याने १८७१ साली बेकरीचा धंदा सुरू केला. त्या बेकरीच्या पत्र्याच्या ताटल्या येल विद्यापीठाचे विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत आणि तेथूनच पुढे चकतीला 'फ्रिस्बी' हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शाळकरी मुलांनी १९२६ साली डब्यांची झाकणे फेकून गोल्फ खेळण्यास आरंभ केला होता. पण ती मुले मोठी झाली आणि तो खेळ तेथेच विराम पावला. प्लॅस्टिकची चकती वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन याने १९४८ मध्ये बाजारात आणली. त्यापूर्वी हा गृहस्थ कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर केक भाजण्याच्या थाळ्या खेळणी म्हणून विकीत असे. त्याची सुधारलेली चकती १९५७ साली व्हॅम-ओ या कंपनीने घेतली व तिचे 'फ्रिस्बी' असे नामकरण केले. मौज अशी, की पुढच्याच वर्षी ब्रिजपोर्टची मूळ बेकरी बंद पडली.

याच व्हॅम-ओ कंपनीत एड हेड्रिक नावाचा एक कल्पक मनुष्य होता. चकतीच्या पाठीवर वर्तुळाकार वळ्या उठवून त्याने तिचे उड्डाण स्थिर केले, आणि पुढे १९७५ साली लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह उद्यानात या गोल्फचे पहिले कायमचे क्रीडाक्षेत्र आखले. आरंभी लक्ष्य म्हणून नुसते खांब असत. परंतु चकती खांबाला घासून गेली की नुसतीच जवळून गेली, या प्रश्नावर वादावादी होई. त्यावर तोडगा म्हणून हेड्रिकने साखळ्यांची टोपली योजिली. १९७७ मध्ये तिचे पेटंट त्याला मिळाले. साखळ्यांचा खळखळाट झाला आणि चकती टोपलीत पडली, की वाद मिटला. पंचाचे काम लोखंडावर सोपविणारी ही युक्ती इतकी सोपी आहे, की ती आधी कोणाला सुचली नाही याचेच आश्चर्य वाटावे. २००२ मध्ये हेड्रिक निवर्तला. त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या चकत्या करण्यात आल्या. अस्थी नदीत सोडण्याची आपली चाल. या गृहस्थाच्या रक्षेच्या वाट्याला आकाशमार्ग आला.

१९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस याने कडेला उतार दिलेली चकती काढली. हवा कापीत जाणाऱ्या त्या चकतीने फेकीचा पल्ला एकदम वाढला. आज उत्तम खेळाडू दीडशे मीटरांपलीकडे सहज फेकतात. जगातील अशा क्रीडाक्षेत्रांची संख्या आता १५,००० च्या वर गेली आहे. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आहेत आणि बहुतेक ठिकाणी खेळण्यास एक छदामही पडत नाही.

विद्यार्थ्यांचा आणि या खेळाचा संबंध टोपलीच्याही आधीचा आहे. ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाचे विद्यार्थी १९६४ च्या सुमारास झाडांना लक्ष्य मानून सामने खेळत असत. दिव्याचे खांब, पुतळ्यांचे चौथरे, इमारतींची दारे यांना क्रमांक देऊन खेळणे ही तर अनेक आवारांतील जुनी परंपरा. साहजिकच टोपल्या बाजारात मिळू लागल्यावर विद्यार्थी त्यांची मागणी करू लागले, आणि ती मान्य होण्यात अडचण अशी फारशी नव्हती. एक टोपली काही शे डॉलरांत मिळते. टेनिसचे एक चांगले मैदान बांधण्यास जो खर्च येतो त्याहून कमी पैशांत नऊ होलांचे क्षेत्र उभे राहते. शिवाय सपाट, महाग जमीन लागत नाही. फुटबॉलला नको असलेला उतार, पावसाळी पाण्याचा नाला, वसतिगृहामागची झाडी, जिचे पुढे काय करावयाचे हे ठरलेले नाही अशी पट्टी, एवढे पुरे.

दुखणे नेमके येथेच सुरू होते. स्वस्तात आणि उरलेल्या जागेत उभी राहिलेली वस्तू ही हिशेबाच्या वहीत कोणाच्याच नावावर नसते. टोपल्या बसविण्याचा खर्च एकदा मंजूर होतो. त्या नीट राखण्याचा खर्च दर वर्षी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि तो मागण्यास कोणी जात नाही.

अशा उपेक्षित क्षेत्राची पहिली ओळख पटते ती टीवर. टी सिमेंटची असेल तर थंड प्रदेशात तिच्याखालची ओल गोठते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, त्यामुळे चौथऱ्याचा एक कोपरा वर उचलला जातो आणि काही हिवाळ्यांत त्याला तडे जातात. टी नुसत्या मातीची असेल तर अवस्था आणखी वाईट. फेकणारा चार पावले धावत येतो, पुढचा पाय रोवतो आणि त्या पायावर सारे शरीर गर्रकन् फिरवितो. शेकडो खेळाडूंचा पाय एकाच ठिकाणी फिरला म्हणजे तेथे परातीसारखा खळगा पडतो. पावसानंतर त्यात चिखल साचतो. त्या खळग्यात पाय रुतला आणि शरीर फिरत राहिले, तर पिळवटतो तो गुडघा. अशा टीवर धावत येऊन फेकण्याचा हट्ट जाणता खेळाडू करीत नाही. तो उभ्यानेच, पाय पक्के ठेवून फेकतो; पल्ला थोडा घटतो, पण चकती सरळ जाते आणि पाय शाबूत राहतो. टीच्या मागे किंवा बाजूला सरकून फेकण्याचा मोह अनेकांना होतो. मित्रांच्या खेळात तो चालून जातो, सामन्यात मात्र आखलेल्या जागेतूनच फेकावे लागते.

दुसरी खूण म्हणजे फलक नाहीसे झालेले असणे. प्रत्येक टीजवळ होलचा क्रमांक, अंतर आणि टोपलीची दिशा दाखविणारा फलक असावयास हवा. तो उन्हाने पांढरा पडतो, वाऱ्याने पडतो, कधी वसतिगृहाच्या एखाद्या खोलीची शोभा वाढविण्यास निघून जातो. मग चौथ्या होलनंतर पाचवा कोठे, हेच नवख्याला उमगत नाही. हल्ली मोबाईलवर नकाशे मिळतात. परंतु मधल्या काळात एखादी टोपली हलविली गेली असेल तर नकाशा एक सांगतो आणि रान दुसरेच. अशा वेळी जमीन वाचावी लागते. गवत कोठे तुडवले गेले आहे, कोणत्या झाडांच्या सालीवर छातीच्या उंचीला आडव्या जखमा आहेत, हे पाहत गेले की फेकीची वाट सापडते. आपल्याकडील गुराखी पायवाट काढतो तीच ही विद्या.

त्या आडव्या जखमांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण क्षेत्राच्या ऱ्हासात खरे नुकसान होते ते झाडांचे. पातळ सालीच्या झाडावर वर्षानुवर्षे चकत्या आदळत राहिल्या तर साल फाटते व तेथून बुरशी आत शिरते. तथापि याहूनही घातक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. टोपलीभोवतीची व टीजवळची माती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी दाबली जाते. मातीच्या कणांमधील हवेच्या पोकळ्या मिटतात, पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, आणि वरच्या थरातील बारीक मुळे गुदमरून मरतात. झाड लगेच वठत नाही. काही वर्षांनी त्याचा शेंडा सुकू लागतो, आणि तेव्हा कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. उतारावर तर उघडी पडलेली माती प्रत्येक सरीबरोबर खाली जाते आणि मुळे गाठींसारखी वर येतात. यावर उपाय महाग नाही. आवारातील झाडांची छाटणी दर वर्षी होतेच. त्या फांद्यांचा चुरा करून हातभर जाडीने नव्हे, चार बोटे जाडीने जरी अशा जागी पसरला तरी माती वाचते. तो चुरा गाडीत भरून दुसरीकडे नेऊन टाकण्यासाठी पैसे खर्च होतात, आणि शंभर पावलांवर मुळे उघडी पडलेली असतात, असे दृश्य दुर्मिळ नाही.

तिसरी गोष्ट टोपलीची. साखळ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या असल्या तर वर्षानुवर्षे टिकतात, नसल्या तर गंजून एकेक दुवा तुटतो. दोन साखळ्या गेल्या की मधे फट पडते आणि अचूक फेकलेली चकती त्या फटीतून आरपार निघून जाते. खांब वाकला असेल तर टोपली एका अंगाला कलते व अडकलेली चकती घरंगळून बाहेर पडते. जी साखळी वादाचा निकाल लावण्यासाठी निर्माण झाली तीच आता अन्याय करू लागते. अशा टोपलीपुढे खेळाडूने जोर कमी करावा. जोराने मारलेली चकती सैल साखळ्या भेदून जाते; हलकेच, जरा वरून उतरणारी चकती साखळ्यांच्या मध्यावर आदळून खाली बसते. टोपली कोणत्या बाजूला कलली आहे हे आधीच पाहून उंच बाजूकडून फेक करता आली तर अधिक चांगले. टोपलीपासून दहा मीटरांच्या आत असताना फेकल्यानंतर तोल सावरून उभे राहावे लागते, चकतीमागे पुढे झेप घेता येत नाही. त्यामुळे उखणलेल्या मातीत पाय पक्का ठेवणे हे तेथे सर्वांत आधी पाहावयाचे.

आता चकतीच्या निवडीकडे वळू. उजव्या हाताने, शरीरापलीकडून ओढून चकती फेकली तर वरून पाहताना ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. फिरत्या भोवऱ्याप्रमाणे ती आपला तोल धरून ठेवते; पण हवेचा दाब तिच्या मध्यावर सारखा पडत नाही. वेग जास्त असताना तो दाब तिचे नाक खाली ढकलू पाहतो, आणि भोवऱ्याच्या धर्मानुसार ती खाली न झुकता उजवीकडे कलते. वेग ओसरला की परिणाम उलटतो आणि ती डावीकडे वळून खाली बसते. म्हणून मोकळ्या मैदानात तिची वाट वाकड्या 'एस' या इंग्रजी अक्षरासारखी दिसते. पातळ कडेच्या वेगवान चकत्यांना हे सारे घडून येण्यास वेग आणि मोकळी जागा लागते. वाढलेल्या फांद्यांनी वाट अरुंद केली असेल तेथे त्या निरुपयोगी ठरतात. रान माजलेल्या क्षेत्रावर संथ, जाड कडेची, 'पटर' किंवा 'मिडरेंज' म्हणून ओळखली जाणारी चकती घेऊन दोन सरळ फेकी कराव्यात. एका फेकीत टोपली गाठण्याच्या ईर्ष्येने चकती झाडीत हरवणाऱ्याला तीन तर लागतातच, शिवाय चकतीही जाते. झाडांवर वारंवार आदळलेल्या चकतीची कडा झिजते आणि ती पूर्वीपेक्षा अधिक उजवीकडे वळू लागते. अनुभवी खेळाडू अशी झिजलेली चकती टाकून देत नाहीत; उजवीकडे वाकणाऱ्या वाटेसाठी ती जपून ठेवतात. आणि दगडधोंड्यांच्या क्षेत्रावर नवी कोरी, महाग चकती नेण्यात शहाणपण नाही, हे सांगावयास नकोच.

जमीन कशी आहे यावरही हिशेब बदलतो. उंच गवतात चकती पडली की तेथेच थांबते. कडक, उघड्या मातीवर ती ठेच खाऊन उसळते, कडेवर उभी राहते आणि उतार असला तर चाकासारखी घरंगळत नाल्याकडे निघते. छावण्यांतील आपल्या अनेक जुन्या गोल्फ मैदानांवर हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे 'ब्राउन' असत आणि तेथे चेंडूचा वेग वेगळा ओळखावा लागे. तोच प्रकार येथे चकतीच्या बाबतीत घडतो. रंगाचाही विचार करावा लागतो. हिरवी किंवा तपकिरी चकती रानात हरवलीच म्हणून समजावे. पानगळीच्या दिवसांत पिवळी आणि नारिंगी चकतीही पानांच्या थरात दिसेनाशी होते. तेव्हा गुलाबी किंवा निळी बरी. हरवलेली चकती शोधण्यास नियमाने तीन मिनिटे मिळतात आणि गटातील सर्वांनी शोधण्यास मदत करावयाची असते. न सापडल्यास एक दंडाची फेक पत्करून मागील जागेवरून पुन्हा फेकावे लागते. म्हणूनच गवत वेळेवर न कापण्याचा दंड प्रत्यक्षात खेळाडूच्या गुणपत्रिकेवर लिहिला जातो. चकतीच्या पोटावर आपले नाव व दूरध्वनी लिहून ठेवण्याचा प्रघात आहे, आणि सापडलेली चकती मालकाला परत करण्याचा सौजन्यधर्म बहुतेक खेळाडू पाळतात.

रानात चकती शोधताना दोन धोके संभवतात. एक 'पॉयझन आयव्ही' नावाच्या वेलीचा. तीन-तीन पानांच्या झुबक्यांची ही वेल आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातली आहे. बिब्बा उततो म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, किंवा काजूच्या टरफलातील तेलाने हाताची काय दशा होते हे ज्या गोमंतकीयांनी पाहिले आहे, त्यांना अधिक वर्णन नको. तिच्या चिकातील तेल चकतीला लागले तर चकतीवरून ते हाताला लागते, म्हणून खेळानंतर दोन्ही साबणाने धुवावे. नियमांनी घातक कीटक किंवा प्राणी यांपासून दंडाविना दूर सरकण्याची मुभा दिली आहे, वेलीपासून नाही. वेलीतून मागे येऊन फेकावयाचे तर एक फेक दंड पडतो. तो आनंदाने द्यावा. दुसरा धोका गोचिडीचा. 'लाइम' नावाचा रोग कनेटिकटमधील त्याच नावाच्या गावावरून १९७५ नंतर ओळखीचा झाला आणि तो काळ्या पायांच्या बारीक गोचिडीच्या चाव्याने होतो. तिची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. जंतू अंगात शिरण्यास ती गोचीड बहुधा एका दिवसाहून अधिक काळ चिकटून राहावी लागते, म्हणून घरी परतताच पोटऱ्या, गुडघ्यांच्या लवणी तपासून पाहिल्या तर संकट टळते.

उपेक्षित क्षेत्र हे कौशल्याची खरी कसोटी पाहते, असे म्हणणारे काही खेळाडू भेटतात. हे म्हणणे ऐकण्यास मर्दानी वाटते. पण तपासून पाहता टिकत नाही. वाऱ्याचा अंदाज, उताराचा हिशेब, दोन झाडांमधून चकती नेण्याची नजर ही कसोटी खरी. तुटलेल्या साखळीतून चकती निघून जाणे किंवा खळग्यात पाय मुरगळणे यात कसली परीक्षा आहे? चुकलेल्याला आणि साधलेल्याला एकच फळ मिळू लागले म्हणजे खेळ संपून सोडत सुरू होते. मात्र अशा क्षेत्राकडे पाठ फिरवावी असेही नाही. जवळ पैसा नसलेल्या विद्यार्थ्याला, दोन तासिकांच्या मधल्या वेळात, एका जुन्या चकतीच्या भांडवलावर मोकळ्या हवेत खेळता येईल असा दुसरा खेळ चटकन सांगता येणार नाही.

परंतु या सगळ्याहून गंभीर असा एक प्रश्न आहे आणि त्याचा संबंध खेळाडूशी नसून खेळाशी देणेघेणे नसलेल्या माणसाशी आहे. कॉलेजचे आवार ही चालण्याची जागा. क्षेत्र आखले गेले तेव्हा जेथे गवत होते तेथे पुढे वसतिगृह उभे राहते, पायरस्ता येतो, सायकली लावण्याची जागा होते. टोपली मात्र होती तेथेच राहते. मग टी आणि टोपली यांच्यामधून वर्गाला निघालेल्या मुली व प्राध्यापक जाऊ लागतात. पावणेदोनशे ग्रॅमची, निमुळत्या कडेची चकती चांगल्या फेकीत मोटारीच्या वेगाने येते आणि ती येताना आवाज करीत नाही. तोंडावर लागली तर दात पडतात, डोळ्याला लागली तर काय होईल ते सांगावयास नको. झाडी वाढून वळण आंधळे झाले असेल तर फेकणाऱ्याला माणूस दिसत नाही आणि माणसाला फेकणारा. म्हणून वाट पूर्ण मोकळी झाल्याखेरीज चकती हातातून सोडू नये. आंधळ्या वळणावर आपल्यापैकी एकाला पुढे उभे करावे, आणि एवढे करूनही चकती भलतीकडे वळली तर मोठ्याने ओरडून सावध करावे. रस्ता पादचाऱ्याचा आहे. खेळणाऱ्याने थांबावयाचे, चालणाऱ्याने नव्हे. हा शिष्टाचार ज्या आवारात सुटतो तेथे एखादा अपघात घडतो, विद्यापीठाचे विधी-खाते जागे होते आणि टोपल्या एका दिवसात उपटल्या जातात.

देखभालीचा भार उचलावा कोणी? आवाराचे बागकाम खाते गवत कापते, पण त्याच्या यादीत टोपली हा यंत्राला अडथळा म्हणून नोंदलेला असतो. खेळाचा विभाग विद्यापीठाच्या संघांची मैदाने पाहतो. राहता राहिले विद्यार्थ्यांचे मंडळ. ते उत्साही असते, परंतु त्याचे आयुष्य चार वर्षांचे. ज्याने रविवारी फावडे घेऊन खळगे बुजविले, फलक रंगविले, तो पदवी घेऊन निघून जातो आणि किल्ली कोणाकडे आहे हेसुद्धा नंतरच्यांना ठाऊक नसते. गावच्या विहिरीचे पाणी सारे नेतात. गाळ काढण्याच्या दिवशी चार डोकी जमत नाहीत. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील डीलाव्हिएगा या १९८४ सालच्या प्रसिद्ध क्षेत्राची निगा स्थानिक मंडळाच्या स्वयंसेवकांनी राखली. पण ते गावचे कायमचे रहिवासी. दक्षिण कॅरोलायनातील विन्थ्रॉप विद्यापीठाचे उदाहरण आणखी वेगळे. तेथील आवारात १९९९ पासून अमेरिकेचा राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना भरतो. त्यासाठी तळ्याकाठच्या हिरवळीवर दोऱ्या लावून हद्दी आखल्या जातात, सतराव्या होलला गवताच्या गंजांची भिंत रचतात आणि नामवंत खेळाडूही तेथे गारद होतात. कॉलेजच्या जमिनीवर उत्तम क्षेत्र होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. अर्थात तेथे चकत्या बनविणाऱ्या कंपनीचा हात आहे आणि दर वर्षी प्रेक्षक येतात. ज्या आवारात प्रेक्षक येत नाहीत तेथे निदान आवाराच्या खात्यातील एका कायम नोकराचे नाव या कामापुढे लिहिलेले असावे, विद्यार्थ्यांनी श्रम द्यावेत आणि त्याने स्मरण ठेवावे. पैसा थोडा असेल तर तो आधी टीवर खर्चावा, नंतर साखळ्यांवर. नवे रंगीत फलक सर्वांत शेवटी. व्यवहारात बहुधा याच्या उलट क्रम दिसतो, कारण फलकावर देणगीदाराचे नाव घालता येते.

टोपली जमिनीत थेट गाडलेली नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. सिमेंटमध्ये एक पोकळ नळी पुरलेली असते, तिच्यात टोपलीचा खांब उतरवून वर कुलूप लावतात. चांगल्या राखलेल्या क्षेत्रावर प्रत्येक होलला अशा दोन किंवा तीन नळ्या असतात. काही महिन्यांनी टोपली एकीतून काढून दुसरीत ठेवतात, म्हणजे पायांनी झिजलेल्या जमिनीला विसावा मिळून तेथे पुन्हा गवत येते. एका माणसाचे अर्ध्या तासाचे काम. अनेक आवारांत या जादा नळ्या मुळात बसविलेल्या आहेत. त्यांची झाकणे मातीखाली गेलेली असतात, आणि टोपली पहिल्या दिवशी जेथे ठेवली गेली तेथेच, गंजलेल्या कुलपासह, उभी असते.